पाणी मुरतं कुठे? बुडालेली इलेक्ट्रिक रेसिंग बोट पुन्हा उभी करताना

रेसमध्ये रिमोटवर चालणारी मॉडेल बोट उलटली, हॅचची (वरच्या झाकणाची) टेप सुटली, आत पाणी भरलं. अशी बोट किनाऱ्यावर आली की बहुतेक वेळा एकच उपचार होतो. पाणी ओतायचं, सगळं दोन दिवस उन्हात ठेवायचं आणि बॅटरी जोडून बघायचं. गंमत म्हणजे बऱ्याचदा बोट चालते. मग तीन-चार आठवड्यांनी, भर वेगात असताना, ईएससी (मोटरचा वेग ताब्यात ठेवणारा बोर्ड) पेटतो किंवा रिसीव्हर सिग्नल सोडतो. तेव्हा त्या जुन्या बुडण्याची आठवणही कोणाला येत नाही.

पाण्याने केलेलं नुकसान पाणी उडून गेल्यावर संपत नाही. तळ्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. पाणी वाळतं, क्षार बोर्डवर राहतात. हा पातळ थर हवेतली ओल ओढून घेतो आणि वीजवाहक होतो. त्यावर ४एस (चार सेलच्या) भरलेल्या बॅटरी पॅकचे १६.८ व्होल्ट आले की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि ऋण बाजूला केसासारख्या धातूच्या काड्या वाढतात. चिपच्या दोन पायांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. ते भरून निघालं की शॉर्ट. म्हणून वाळवण्याआधी धुणं, हा या सगळ्या कामाचा पाया आहे.

पुढची मापं एक ठरावीक बोट डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत: ७० ते ८० सेंटिमीटरचा फायबरग्लास हल (बोटीचं अंग), ३६ मिलिमीटर व्यासाची २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला २००० आरपीएम) इनरनर, म्हणजे आतला भाग फिरणारी, ब्रशलेस मोटर, पाण्याने थंड होणारा १२० अँपिअरचा ईएससी, ४एस ५००० एमएएचचा लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक आणि ४.७६ मिलिमीटरचा फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंत, म्हणजे मागच्या पंख्यापर्यंत, जाणारी लवचीक केबल). बोट याहून लहान-मोठी असली तरी क्रम तोच राहतो.

किनाऱ्यावरची पहिली दहा मिनिटं

पाणी ओतायच्याही आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. प्रवाह चालू आहे आणि बोर्ड पाण्यात आहे, तोपर्यंत प्रत्येक मिनिटाला तांबं झिजत असतं. कनेक्टरभोवती बुडबुडे दिसत असतील तर तिथे पाण्याचं विघटन चालू आहे, म्हणजे घाई आणखी जास्त. पॅक फुगला असेल तर तो हलवून मोकळ्या जमिनीवर, कोरड्या गवतापासून आणि गाडीपासून लांब ठेवा आणि किमान काही तास तिकडे नजर असू द्या.

बोट समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात बुडाली असेल तर एक गोष्ट उलटी वाटेल, पण ती पाळा: इलेक्ट्रॉनिक्स वाळू देऊ नका. बॅटरीपासून सुटे केलेले ईएससी, रिसीव्हर आणि सर्व्हो (रडर म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर) गोड्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून घरी आणा. ओलं मीठ आणि हवा एकत्र आली की गंज सगळ्यात वेगाने चढतो. वाळलेलं मीठ चिपच्या पोटाखालून काढणं त्याहून अवघड. गोड्या पाण्यात, वीज नसताना, एखाद-दोन तासांत बोर्डचं फारसं काही बिघडत नाही.

वायरी सोडवण्याआधी फोटो काढा, विशेषतः मोटरच्या तीन वायरींचा. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. फ्लेक्स शाफ्टची केबल एका ठरावीक दिशेने वळलेली असते. भार आल्यावर ती घट्ट व्हायला हवी. उलटी फिरली तर पीळ सुटतो, केबल पिंजऱ्यासारखी फुगते आणि स्टफिंग ट्यूब (शाफ्ट ज्या नळीतून जातो ती) आतून फाडते.

तांदळाच्या डब्याचा उपाय सोडून द्या. तांदूळ ओल फार हळू ओढतो, क्षार तर अजिबात काढत नाही, शिवाय त्याची पीठी कनेक्टरमध्ये जाते.

आधी पाणी, मग अल्कोहोल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, त्यात बोर्ड बुडवायचा आणि काम झालं असं समजायचं. पण मीठ त्या अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. मीठ काढतं पाणी आणि पाणी काढतं अल्कोहोल. म्हणून क्रम असा: आधी नळाच्या पाण्याने भरपूर धुवा, मग डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने दोनदा आणि शेवटी अल्कोहोलने दोनदा.

ईएससीचं हीटश्रिंक (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) ब्लेडने कडेकडेने कापा. बोर्डच्या मध्यावर ब्लेड टेकवू नका, खाली मॉसफेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) असतात. त्याआधी कपॅसिटर रिकामे करून घ्या. बॅटरीच्या दोन वायरींवर १०० ओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरला की पुरे. पाण्याच्या नळ्या ज्या अॅल्युमिनियम पट्टीतून जातात ती स्क्रूने बसवलेली असेल तर काढा. थर्मल पॅड खाली पडला तर फेकू नका, त्याची जाडी मोजून ठेवा. जाड पॅड लावला तर उष्णता अडते आणि पातळ लावला तर पट्टी मॉसफेटला टेकतच नाही.

डिमिनरलाइज्ड पाण्याची पहिली आंघोळ मऊ टूथब्रशने घाला. चिपचे पाय, कपॅसिटरचा बुंधा, वायरी सोल्डर केलेल्या जागा, सगळीकडे हलका हात फिरवा. हिरवा-पांढरा थर दिसला तर तिथे जास्त वेळ द्या. पाणी बदला आणि पुन्हा धुवा. मग उथळ वाटीत बोर्ड बुडेल इतकंच अल्कोहोल घ्या, दोन-तीन मिनिटं हलवा, ओता, आणि ताज्या अल्कोहोलमध्ये परत एकदा. सगळ्या बोटीला मिळून पाव लिटर पुरतं. ७० टक्क्यांचं अल्कोहोल या कामाला नको, त्यात तीस टक्के पाणीच असतं. आणि ते पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि सोल्डरिंग आयर्न बंद.

वाळवण्यासाठी ४५ ते ५० अंश सेल्सिअसची कोरडी हवा सहा ते आठ तास. हीटगन नको. ती एका जागी दोनशे अंशांच्या पुढे जाते आणि कपॅसिटरचं रबर बूच सोडवते. पंखाच असेल तर चोवीस तास ठेवा, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेलबरोबर.

मग तपासणी. मल्टिमीटर डायोडवर ठेवा. लाल टोक ईएससीच्या बॅटरीकडच्या काळ्या वायरला आणि काळं टोक मोटरच्या तीन वायरींना एकेक करून. प्रत्येक वेळी साधारण ०.४ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवेत आणि तिन्ही आकडे एकमेकांना धरून असायला हवेत. मग लाल टोक मोटरच्या वायरीवर आणि काळं टोक बॅटरीच्या लाल वायरला. इथेही तेच. एखादा आकडा शून्याच्या जवळ आला तर त्या फेजचा मॉसफेट फुटला आहे. एक मॉसफेट बदलून पुढे जायचा मोह होतो, पण मॉसफेट फुटताना त्याला चालवणाऱ्या गेट ड्रायव्हर चिपवरही ताण पडलेला असतो. रेसच्या बोटीत असा ईएससी परत घालू नये, असं माझं ठाम मत आहे. भर वेगात तो गेला तर सोबत पॅकही जातो.

रिसीव्हरलाही हाच क्रम, फक्त अँटेनाकडे वेगळं लक्ष द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं शेवटचं साधारण ३१ मिलिमीटर टोक उघडं असतं. त्याच्या मागच्या जाळीदार आवरणात पाणी केशाकर्षणाने वर चढतं. जाळी काळी पडली असेल तर रेंज घटते, आणि ते टेबलावर कळत नाही. रिसीव्हर खाऱ्या पाण्यात गेला असेल तर नवाच घ्या. तो बोटीतला स्वस्त भाग आहे आणि तो बंद पडला तर सगळी बोट हातातून जाते.

सर्व्हो चार स्क्रू काढून उघडा. आतला पोटेन्शिओमीटर ओला झाला की रडर थरथरतो किंवा एका बाजूला पळतो. धुऊन-वाळवूनही थरथर राहिली तर सर्व्हो बाद. टिकला तर गिअरना नवीन ग्रीस, जोडावर ग्रीसची पातळ रेघ आणि शाफ्टखाली नवी ओ-रिंग.

वायरीतलं काळं तांबं

सिलिकॉन वायरीत शेकडो बारीक तारा असतात. त्यांच्या फटींतून पाणी कनेक्टरपासून काही सेंटिमीटर आत शिरतं. वरून वायर लाल-काळी, अगदी नवी दिसते. आत तारा काळ्या. अशा टोकाला सोल्डर धरत नाही, गोळा होऊन ओघळतो. जबरदस्तीने बसवलाच तर त्या जोडाचा विरोध वाढतो आणि शंभर अँपिअरला तो जोड स्वतःच सुटतो.

प्रत्येक कनेक्टर काढा आणि लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापत जा. एकदा एक सेंटिमीटर, मग आणखी एक. बॅटरीकडची वायर यात फार आखूड झाली तर पूर्ण बदला. लांबीचा तुकडा जोडत बसू नका. बारा किंवा दहा गेजच्या वायरीला ६० ते १०० वॉटचं आयर्न लागतं. कमी ताकदीचं आयर्न बराच वेळ धरावं लागतं, तेवढ्यात कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. फ्लक्स रोझिनचंच हवं. नळजोडणीचं आम्लयुक्त फ्लक्स वापरलं तर जे धुऊन काढलं तेच पुन्हा घातल्यासारखं आहे.

बुलेट कनेक्टरवर हिरवा कळंक असेल तर घासून चमकवण्यात वेळ घालवू नका. सोन्याचा मुलामा एकदा गेला की खालचं पितळ परत कळकतं. नवे बसवा.

बॅटरी

लायपोचे सेल पाऊचमध्ये बंद असतात, त्यामुळे पाणी लगेच सेलमध्ये जात नाही. ते जातं टॅबवर, सेल जोडणाऱ्या पट्टीवर आणि बॅलन्स वायरींच्या (प्रत्येक सेलकडे वेगळ्या जाणाऱ्या बारीक वायरींच्या) सोल्डरवर. धन टॅब अॅल्युमिनियमचा असतो आणि मीठ त्याला फार लवकर खातं. खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेला पॅक परत वापरू नये. यात तडजोड नाही.

गोड्या पाण्यात बुडालेल्या पॅकला संधी देता येते. बाहेरून पुसा आणि साध्या हवेत दोन दिवस वाळू द्या. गरम करू नका, उन्हातही नको. मग प्रत्येक सेल वेगळा मोजा. एखादा सेल ३.० व्होल्टच्या खाली गेला असेल तर तिथेच थांबा. सगळे ठीक असतील तर ०.५सी ने, म्हणजे या पॅकला २.५ अँपिअरने, बॅलन्स करत ३.८ व्होल्टपर्यंत आणा. हे अग्निरोधक पेटीत आणि समोर बसून. पॅक तीन दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा मोजा. बाकीचे सेल जागेवर असताना एकच सेल ०.०३ व्होल्टहून जास्त घसरला असेल तर त्याच्या टॅबजवळ कुठेतरी गळती चालू आहे. अंतर्गत विरोधही बघा. एका सेलचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर पॅक बाद.

बाद पॅक मिठाच्या पाण्यात टाकण्याची जुनी पद्धत चुकीची आहे. टॅब आधी गंजून तुटतात आणि आत वीज शिल्लक राहते. बारा व्होल्टचा गाडीचा बल्ब लावून पॅक पूर्ण उतरवा (भरलेल्या ४एसवर बल्ब उडू शकतो, तेव्हा दोन बल्ब एकापुढे एक जोडा), टोकांना टेप लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

मोटर

ब्रशलेस मोटरच्या वाइंडिंगवर लाखेचा थर असतो, त्यामुळे ती पाण्याला घाबरत नाही. घाबरतात बेअरिंगं. एका रात्रीत त्यांच्या खोबणीत गंजाचे ठिपके पडतात आणि ३०,००० आरपीएमला तेच ठिपके रोटर (आतला फिरणारा चुंबक) हलवायला लागतात. रोटर आणि स्टेटर (त्याभोवतीचा वाइंडिंगचा स्थिर भाग) यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. बेअरिंग गेलं की चुंबक स्टेटरला घासतो.

कपलर (मोटर आणि शाफ्ट जोडणारा भाग) काढताना ग्रबस्क्रूचं तोंड खराब होऊ देऊ नका. थ्रेडलॉक (स्क्रू पक्का धरणारा गोंद) असेल तर आयर्नचं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट टेकवा, मग चांगल्या प्रतीची ॲलन की. पुढचं-मागचं झाकण काढून रोटर सरळ ओढा. तो जोरात मागे खेचला जातो, बोटं सांभाळा. काढलेला रोटर प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत ठेवा, नाहीतर टेबलावरचा लोखंडाचा सगळा कीस त्याला चिकटतो. चिकटलाच तर टेपच्या चिकट बाजूने टिपून काढा.

चुंबकावर नखाने अलगद फिरवून बघा. निकेलचा मुलामा फुटला असेल आणि खाली तपकिरी भुकटी दिसत असेल तर निओडिमियम आतून फुलत आहे. असा रोटर परत घालू नका. रोटर गरम करून वाळवणंही टाळा. साध्या दर्जाचा निओडिमियम ८० अंशांच्या पुढे आपलं चुंबकत्व कायमचं गमावू लागतो. स्टेटर मात्र डिमिनरलाइज्ड पाण्याने धुऊन ६० अंशांवर तीन-चार तास ठेवायला हरकत नाही.

बेअरिंग धुऊन तेल घालून चालवायचा विचार करू नका, दोन्ही बदला. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ५×१३×४ म्हणजे ६९५, ५×१४×५ म्हणजे ६०५, ५×१६×५ म्हणजे ६२५. बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्या. आतल्या कडीवर दाबलं तर गोळ्यांचे व्रण खोबणीत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. शिम (पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत. सिरॅमिक गोळ्यांची बेअरिंगं गंजत नाहीत असं म्हणतात. गोळ्या गंजत नाहीत हे खरं, पण कड्या स्टीलच्या असतील तर त्या गंजतातच.

जोडल्यावर दोन चाचण्या. मल्टिमीटर सगळ्यात वरच्या ओहम श्रेणीवर ठेवून तिन्ही वायरी आणि मोटरचं अंग यांत काहीही जोड दिसता कामा नये. मग तिन्ही वायरी एकमेकींपासून सुट्या ठेवून शाफ्ट ड्रिलने फिरवा आणि दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे यायला हवेत. एक जोडी कमी दाखवत असेल किंवा वायरी सुट्या असूनही शाफ्ट जड फिरत असेल तर वाइंडिंग आत शॉर्ट आहे.

मोटरभोवतीचं पाण्याचं कूलिंग जॅकेट विसरू नका. अनेकदा मोटरमध्ये पाणी तळ्यातून आलेलं नसतं, जॅकेटच्या ओ-रिंगमधून झिरपलेलं असतं. नळी जोडायचं एक निप्पल बंद करून दुसऱ्याला सिरिंज लावा, जॅकेट पाण्यात धरा आणि हवा दाबा. बुडबुडा दिसला की ओ-रिंग बदला. आत पांढरा थर बसला असेल तर निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर पाच मिनिटं फिरवून भरपूर पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवलं तर ते अॅल्युमिनियमलाच खातं.

शाफ्ट

फ्लेक्स केबल बाहेर ओढा आणि पांढऱ्या सुती कापडातून पिळाच्या दिशेने फिरवत काढा. कापड कुठे अडकलं तर तिथे तार तुटली आहे. तुटलेली एक तारसुद्धा पुरेशी आहे, केबल बदला. नसेल तुटली तर पेट्रोलमध्ये किंवा डीग्रीझरमध्ये भिजवून जुनं ग्रीस पूर्ण काढा, कारण पाणी त्या ग्रीसमध्येच मिसळून दुधी झालेलं असतं. मग पिळांमध्ये बोटाने दाबून मरीन ग्रीस भरा. हे ग्रीस वंगणही असतं आणि बुचाचंही काम करतं. शाफ्टच्या वाटेने येणारं पाणी तेच अडवतं.

ट्यूबमधली टेफ्लॉनची नळी चिरली असेल तर नवी घाला. परत बसवताना ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार) यांच्यामध्ये साधारण ३ मिलिमीटर जागा सोडा. भार आल्यावर केबल पिळाने आखूड होते. जागा नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, गरम होतो आणि मोटर विनाकारण जास्त अँपिअर खाते.

प्रॉपच्या धारेला मार लागला असेल आणि तो बेरिलियम-तांब्याचा असेल तर कोरडा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाण्याखाली ओला घासा, मास्क लावा आणि गाळ पुसून बंद पिशवीत टाका.

पाणी शिरलं कुठून

हे शोधल्याशिवाय काहीही परत बसवू नका. हॅच निघाला असं सगळे म्हणतात, पण हॅच निघण्याआधीच हलमध्ये दोनशे मिलिलिटर पाणी असेल तर बोट वळणावर त्याच वजनाने उलटलेली असते.

रिकाम्या हलमध्ये कोरड्या खडूची भुकटी पातळ पसरा. मोटर आणि बॅटरीच्या वजनाइतकं काहीतरी आत ठेवा, हॅच बंद करा आणि टबात अर्धा तास तरंगू द्या. उघडल्यावर भुकटीत पाण्याचा माग स्पष्ट दिसतो. मागच्या पाटीवरची जागा पहिली बघा: रडरचे बोल्ट, स्ट्रटचे बोल्ट, ट्रिम टॅबचे स्क्रू, पाण्याच्या नळीचं निप्पल. दुसरा संशयित म्हणजे रडरच्या पुशरॉडवरचं रबरी बेलो. त्याची घडी उलगडून बघा, चीर घडीच्या तळाशी असते.

टबात न दिसणाऱ्या दोन वाटा आहेत. पहिली, आतली कूलिंगची नळी निप्पलवरून निसटणं. वेगात पिकअप (बाहेरचं पाणी आत घेणारं तोंड) पाणी जोराने ढकलतो आणि ते थेट हलमध्ये पडतं. प्रत्येक जोडावर तारेची क्लिप किंवा झिपटाय हवाच. दुसरी वाट जास्त लबाड आहे. चालताना मोटर आणि ईएससी आतली हवा तापवतात. बोट थांबली की थंड पाण्यात ती हवा आकसते, आत निर्वात तयार होतो आणि जिथे सुई जाईल इतकी फट आहे तिथून पाणी ओढलं जातं, बहुधा शाफ्टच्या ट्यूबमधून. टबात थंड उभ्या बोटीत हे कधीच दिसत नाही. थांबल्यावर पाणी वाढतं आणि चालताना नाही, असं असेल तर ट्यूबमधलं ग्रीस अपुरं आहे.

हलला चीर असेल तर आधी तो पूर्ण वाळू द्या, निदान ४८ तास. फायबरमध्ये ओल असताना इपॉक्सी धरत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. दोन दिवस आकडा हलला नाही की हल वाळला. वजन खाली यायचं थांबलं पण मूळ वजनापेक्षा जास्तच राहिलं तर बोट तरंगावी म्हणून आत भरलेल्या फोमने पाणी प्यायलं आहे. तो फोम काढावाच लागतो.

आतल्या बाजूने ८० नंबरच्या पॉलिशपेपरने चिरेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन सेंटिमीटर घासा, अल्कोहोलने पुसा आणि ८० ते १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या कापडाचे दोन थर लावा, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मोठा. चोवीस तास हात लावू नका. नंतर पृष्ठभाग तेलकट लागला तर तो साध्या पाण्याने धुवा, नाहीतर वरचा रंग धरणार नाही. हल एबीएसचा असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे पळत नाही, आणि एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने आतून पट्टी बसवा.

बोल्टखाली सिलिकॉन लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला कळंक आणतं. बंद हलमध्ये ते नको, न्यूट्रल प्रकारचं घ्या. ईएससीवर तर आंबट सिलिकॉन कधीही नाही.

फोमचा हिशेब सोपा आहे. बंद पेशींच्या फोमचा एक लिटर जवळजवळ एक किलो उचलतो. अडीच किलोच्या बोटीचं पाण्याखालचं वजन त्यापेक्षा बरंच कमी भरतं, तरी दोन लिटर फोम पुढच्या नाकात आणि बाजूंना कोंबा. मग पॅकच्या जागी तेवढंच वजन ठेवून, हॅच उघडा ठेवून बोट टबात मुद्दाम भरा. ती तरंगत राहिली तरच फोम पुरेसा.

पुन्हा वीज

परत बसवण्याआधी बोर्डवर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) द्या. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर. ॲक्रिलिक नंतर अल्कोहोलने बऱ्यापैकी निघतं आणि त्यातून सोल्डरही करता येतं. सिलिकॉन लवचीक असतं, पण दुरुस्तीच्या वेळी त्रास देतं. कनेक्टर, बाइंडचं (रिसीव्हर ट्रान्समीटरशी जुळवायचं) बटन आणि मॉसफेटची पट्टीला टेकणारी बाजू टेपने झाकून घ्या. रिसीव्हर फुग्यात बांधायची जुनी सवय सोडा. फुग्यात साचलेली वाफ बाहेर जात नाही.

ईएससीला पहिल्यांदा वीज देताना मोटर आणि रिसीव्हर दोन्ही जोडू नका. ३एस पॅक घ्या आणि लाल वायरीत बारा व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मध्ये घाला. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि ते पॅकऐवजी बल्बने सोसलं. बल्ब विझलेला असताना रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगवर व्होल्टेज मोजा. ईएससीवर लिहिलेले ५ किंवा ६ व्होल्टच दिसायला हवेत. तिथे पॅकचं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर बीईसी (रिसीव्हरला कमी व्होल्टेज देणारा भाग) गेला आहे आणि रिसीव्हर-सर्व्हो जोडले असते तर तेही गेले असते.

आता बल्ब काढा, रिसीव्हर जोडा, थ्रॉटलचं कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि फेलसेफ नव्याने बसवा. ट्रान्समीटर बंद केल्यावर थ्रॉटल शून्यावर आलाच पाहिजे. मोटर शाफ्टपासून सुटी ठेवून दहा सेकंद हळू फिरवा. शाफ्ट जोडल्यावर कोरड्यात पूर्ण थ्रॉटल देऊ नका, टेफ्लॉनची नळी वितळते. सगळं आत बसल्यावर तोल बघा. मोनो (एकसंध अंगाच्या) हलचा गुरुत्वमध्य मागच्या पाटीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर हवा. नवी वायर, नवा फोम आणि इपॉक्सीचे थर यांनी तो हमखास हललेला असतो.

पहिल्या फेरीला प्रॉप एक माप लहान लावा. ऑक्ट्युरा कंपनीचा एक्स४४२ प्रॉप म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास आणि व्यासाच्या १.४ पट पिच (एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर). त्याऐवजी एक्स४४०. अर्धा मिनिट चालवा, आणा, उघडा, हात लावा. मग एक मिनिट. मग दोन. आमच्या मर्यादा अशा: मोटर ७० अंश, ईएससी ६०, पॅक ५५. ईएससी मोटरच्या आधी तापत असेल तर मागच्या निप्पलमधून येणारी धार बघा. ती बारीक झाली असेल तर नळी कुठेतरी मुडपली आहे.

प्रत्येक फेरीनंतर हलमधलं पाणी टिश्यूने टिपा आणि टिश्यूचं वजन करा. पाच ग्रॅमपर्यंत ठीक, ते बहुधा वाफेचं पाणी असतं. वीस ग्रॅम आले तर दुसऱ्या फेरीआधी खडूची भुकटी पुन्हा काढा. बोट घरी आली की हॅच उघडा ठेवूनच कपाटात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाण्यात जाऊन आली की ईएससीच्या वायरी सोल्डर केलेल्या जागा भिंगातून बघा. कोटिंगखाली हिरवा ठिपका दिसला तर तेवढं कोटिंग खरवडा, डिमिनरलाइज्ड पाण्याने धुवा, मग अल्कोहोल, मग नवा थर. मीठ राहिलं असेल तर ते पहिल्यांदा इथेच वर येतं.